कॉकटेलात ब्रँडी वाया जात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्रँडीच्या कॉकटेलांवरचा लेख वाचून तुम्ही नुसतं मत कळवलं नाहीत, आधी साइडकार (ब्रँडी, संत्र्याचं गोड मद्य आणि लिंबाचा रस यांचं कॉकटेल) करून पाहिलंत आणि मग सविस्तर लिहिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चांगली ब्रँडी नुसती, सावकाश प्यावी, तिच्यात लिंबू आणि साखर घालणं म्हणजे ती वाया घालवणं, माझ्या मापाने केलेलं साइडकार ‘गोडमिट्ट, आणि वर घसा जाळणारं’ झालं, आणि घरी हा सगळा बारचा थाट हवाच कशाला?

आधी तुमच्या ग्लासाकडे वळू, कारण खरं उत्तर तिथेच आहे. तुम्ही काय केलंत ते नीट लिहिलंय, म्हणून बोलता येतं. माप लेखातलंच होतं : ५० मिलि ब्रँडी, २० मिलि संत्र्याचं लिक्यूर (म्हणजे गोड, सुवासिक मद्य), २० मिलि लिंबाचा रस. बर्फाचे तीन-चार खडे घातलेत, ‘पातळ होऊ नये म्हणून’ पाच-सहा वेळा हलवलंत आणि गाळलंत. लिक्यूर १५ टक्के अल्कोहोलचं ट्रिपल सेक होतं, रस बाटलीतला.

यातलं ‘पातळ होऊ नये म्हणून’ हेच सगळ्यात महागात पडलं. साइडकारमध्ये पाणी हा चौथा घटक आहे. तो मापात लिहिलेला नसतो, कारण तो बर्फातून येतो. बर्फ गारवा देतो तो मुख्यतः वितळताना; एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती तो पेयातून ओढून घेतो. ९० मिलि पेय खोलीच्या तापमानावरून शून्याच्या थोडं खाली न्यायचं तर अंदाजे ३० ग्रॅम बर्फ वितळावाच लागतो. (अल्कोहोलमुळे पेय शून्याखाली जाऊनही गोठत नाही.) म्हणजे ९० मिलिचं साधारण १२० मिलि झालं पाहिजे. तेवढं झालं नाही, तर पेय गारही झालेलं नसतं आणि सैलही झालेलं नसतं. मग दोन गोष्टी एकदम होतात. कोमट पेयात गोडी जास्त जाणवते, आणि पाणी कमी म्हणून अल्कोहोल घशाला लागतं. गोडमिट्ट आणि घसा जाळणारं, हे तुमचेच शब्द! लेखात ‘शेकर (पेय हलवायचं झाकणाचं भांडं) बर्फाने भरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा’ असं लिहिलं होतं ते याचसाठी. भरपूर बर्फ घातला म्हणून पेय पाणचट होत नाही. बर्फ भरपूर आणि खडे कोरडे असले की पेय लवकर गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. पाणचट होतं ते आधीच घामेजलेल्या, बारीक बर्फाने.

दुसरी गोष्ट लिक्यूरची. क्वान्त्रो हे संत्र्याचं लिक्यूर ४० टक्क्यांचं असतं, म्हणजे ब्रँडीच्याच ताकदीचं, आणि त्यात संत्र्याच्या सालीचा कडसरपणा टिकून असतो. १५ टक्क्यांचं ट्रिपल सेक म्हणजे बव्हंशी संत्र्याच्या वासाचा पाक. तेच वापरायचं असेल तर २० ऐवजी १५ मिलि घ्या. आणि रस मात्र ताजाच हवा, लेमनचा, जाड पिवळ्या सालीच्या. बाटलीतल्या रसाला आंबटपणा असतो पण वास नसतो. ब्रँडीशी जुळतो तो वास. आंबटपणा नुसता तोल धरायला.

आता ‘वाया घालवणं’. या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी आनंदाने मान्य करतो : एक्सओ कोन्याक साइडकारमध्ये घालू नये. (कोन्याक म्हणजे फ्रान्सच्या कोन्याक भागातली ब्रँडी; व्हीएस, व्हीएसओपी, एक्सओ या तिच्या वयाच्या चढत्या प्रती.) एक्सओमधली सर्वांत तरुण ब्रँडीसुद्धा किमान १० वर्षं लाकडात राहिलेली असते (२०१८ पर्यंत ही अट ६ वर्षांची होती). त्या काळात तिला जो सुक्या मेव्याचा, जुन्या लाकडाचा हळवा वास येतो, तो लिंबाखाली दबतो. पण व्हीएस म्हणजे किमान २ वर्षं, व्हीएसओपी म्हणजे किमान ४. यांच्यात द्राक्षाचा जोर असतो, थोडी धारही असते. नुसती प्यायला ती धार टोचते, कॉकटेलात मात्र तीच कामाला येते. आंबट आणि गोड यांच्यामधून वर येऊन बोलेल अशी ब्रँडी हवी असते, आणि ती तरुणच असावी लागते.

शिवाय ब्रँडीत काही मिसळणं हा नंतरच्या लोकांनी केलेला बिघाड नाही. उलट कॉकटेलांच्या सुरुवातीच्या काळात ब्रँडीच मानाच्या जागी होती. जेरी थॉमस या बारटेंडरने १८६२ मध्ये अमेरिकेत छापलेल्या कृती पाहिल्या तर पानोपानी ब्रँडी दिसते. बदाम-पाक आणि बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) घातलेलं जॅपनीज कॉकटेल ब्रँडीचं. क्रस्टा हे कॉकटेलसुद्धा, ते न्यू ऑर्लिन्सच्या जोसेफ सॅन्टिनीच्या नावावर आहे आणि साइडकारच्या ग्लासाची साखर लावलेली कड क्रस्टाकडूनच आली असं मानतात. मग फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा ही कीड आली, १८७० च्या दशकात ती कोन्याकच्या पट्ट्यात पोचली, आणि वेली मुळापासून मेल्या. ब्रँडी मिळेनाशी झाली तशी बऱ्याच ग्लासांत तिची जागा व्हिस्कीने घेतली. साझरॅक हे कॉकटेल आज राय (एक धान्य) व्हिस्कीचं म्हणून ओळखतात, पण ते नाव एका कोन्याकचं होतं. ब्रँडी फक्त जेवणानंतर फुगीर ग्लासातच शोभते, ही समजूत त्या मानाने अलीकडची आहे.

साइडकारचाच प्रवास बघा. १९२२ साली हॅरी मॅकेलहोन या बारटेंडरने छापलेल्या कृतीत ब्रँडी, क्वान्त्रो आणि लिंबू समसमान आहेत. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमधला बारटेंडर हॅरी क्रॅडॉक याच्या कृतीत ब्रँडी इतर दोन्हींच्या दुप्पट झाली. आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं माप तेच आहे जे मी दिलं : ५०, २०, २०. प्रत्येक वेळी हात ब्रँडीकडेच झुकला. ब्रँडी लपवायची असती तर हे उलट झालं असतं.

लेखातल्या ब्रँडी अलेक्झांडर या क्रीमच्या कॉकटेलला तुम्ही ‘चॉकलेटचं दूध’ म्हणालात. समभाग माप ठेवलं तर बऱ्याच अंशी खरंय. माझ्या मते ब्रँडी ४५, क्रेम द काकाओ (कोकोचं लिक्यूर) २०, क्रीम २५ मिलि असं घेतल्यावरच ब्रँडीची चव शेवटी उरते. वर जायफळ ताजं किसा, पूड नको. स्टिंगर या कॉकटेलबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण नुसत्या ब्रँडीची आवड असलेल्यांना ते पटतं : ५० मिलि ब्रँडी आणि पांढरं क्रेम द मांथ (पुदिन्याचं लिक्यूर) २० मिलि, फार गोड वाटलं तर १०.

थाटाचं म्हणाल तर घट्ट झाकणाची मोठी बरणी, चहाची गाळणी आणि औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण एवढ्यावर सगळं होतं. माप मात्र डोळ्यांनी घेऊ नका. २० मिलि रसात ५ मिलि इकडेतिकडे झालं की पेय दुसरंच होतं.

एक काळजीची गोष्ट, लेखातही होती तरी पुन्हा : एका साइडकारमध्ये जवळपास ७० मिलि ब्रँडीइतकं अल्कोहोल असतं. गार आणि आंबटगोड असल्यामुळे ते जाणवत नाही. एकावर थांबा, आणि नंतर गाडी चालवू नका.

तुम्हाला ब्रँडीची स्वतःची चव प्रिय आहे, हे प्रतिक्रियेच्या ओळीओळीत दिसतं. म्हणून साइडकार पुन्हा करण्याआधी सगळ्यात जुनं, साधं ब्रँडी कॉकटेल करून पाहा. त्यात लिंबाचा रस नाही, क्रीम नाही. ६० मिलि व्हीएसओपी, ५ मिलि साखरेचा पाक (साखर आणि पाणी समान), बिटर्सचे दोन शिडकावे. हे हलवायचं नाही; मोठ्या बर्फावर अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं आणि गार केलेल्या छोट्या ग्लासात गाळायचं. लेमनच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा कापा, पांढरा भाग शक्य तितका काढा, आणि ग्लासावर धरून पिळा, म्हणजे सालीतल्या तेलाचे बारीक थेंब वर पडतील. पहिला घोट त्याआधी घ्या आणि दुसरा नंतर. दोन्हींत काय फरक जाणवला ते इथेच लिहा, मी वाट बघतोय.