गव्हर्नर व्हायचंय? आधी टिटवी ओळखायला शिका

तुम्ही अमेरिकेत वीस वर्षं काढलीत. महाराष्ट्र मंडळाचं अध्यक्षपद दोनदा भूषवलंत, आरतीचा माइक कुणाच्या हाती द्यायचा या वादातून जिवंत बाहेर आलात. आता पुढची पायरी. राष्ट्राध्यक्षपद विसरा, जन्म मिरजेतला, तिथल्या घटनेत बसत नाही. पण गव्हर्नर होता येतं. ऑस्ट्रियात जन्मलेले श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे झाले. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगनमध्ये उभे राहिले होते. पक्षातल्याच पहिल्या फेरीत तिसरे आले. (पुढे ते काँग्रेसमध्ये निवडून गेले. तिथल्या.)

घरच्यांना आधी एवढं समजावा की हा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. मलबार हिलचा समुद्र, मोर आणि पहाटेचे शपथविधी यातलं काही मिळणार नाही. हा मतं मागून निवडून येतो आणि विधेयकावर सही करायची की ते परत धाडायचं, हे स्वतः ठरवतो. आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच.

आता मुद्द्याचं. शाळा, रस्ते, कर वगैरे जाहीरनामा मागाहून कुणाकडूनही लिहून घ्या. आधी बंदूक घ्या.

तुम्हाला हे उलटं वाटेल, कारण तुम्ही इकडचे. इकडे आचारसंहिता लागली की परवानाधारक बागायतदार आपली बारा बोअरची बंदूक कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येतो, पावती खिशात घालतो आणि निकाल लागल्यावर सोडवून आणतो. तिकडे निवडणूक लागली की बंदूक बाहेर निघते.

ती कशी धरायची, याचा उत्तम वस्तुपाठ जॉर्जियाच्या ब्रायन केम्प यांनी २०१८ साली घालून दिला. जाहिरातीत ते दिवाणखान्यात बंदूक घेऊन बसलेत. शेजारी एक पोरगा अवघडून बसलाय. त्याला केम्प यांच्या मुलीबरोबर फिरायला जायचंय. केम्प त्याची तोंडी परीक्षा घेतात. पोरगा म्हणतो, आदर, आणि दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल, म्हणजे बंदूक बाळगायच्या हक्काबद्दल, निकोप आस्था. पास. आपल्याकडे स्थळ आलं की कांदेपोहे करतात, पगार विचारतात, फार तर पत्रिका मागतात. घटनेचा पेपर आजवर कुठल्या मुलीच्या बापानं काढल्याचं ऐकिवात नाही. बराच ओरडा झाला. केम्प दीड टक्क्याहून कमी फरकानं निवडून आले. (निवडणुकीची देखरेख ज्या खात्याकडे असते, त्याचे प्रमुखही तेव्हा केम्पच होते. तो वेगळा धडा, त्याची फी वेगळी.)

एक बंदूक अपुरी वाटत असेल तर मिझुरीचे एरिक ग्रायटन्स आहेत. त्यांनी २०१६ साली जाहिरातीत थेट मशीनगन चालवली. निवडून आले, आणि २०१८ च्या जूनमध्ये चौकशांच्या गराड्यात राजीनामा देऊन घरी गेले. चौकशी समितीवर मशीनगन चालत नाही, एवढी तिची मर्यादा लक्षात असू द्या.

भाषणासाठी ती दुसरी घटनादुरुस्ती पाठ लागेल. घाबरू नका, १७९१ सालचं हे सगळं प्रकरण इंग्रजीत अवघं २७ शब्दांचं आहे. त्यातले पहिले १३ शब्द 'सुव्यवस्थित नागरी सैन्य स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असल्यामुळे' असं काहीतरी सांगतात. ते गाळा. उरलेले १४ छातीवर हात ठेवून म्हणा. गंमत म्हणून सांगतो, हक्क नागरी सैन्यापुरता नसून एकेकट्या माणसाचाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टपणे सांगितलं २००८ साली, तेही पाचास चार मतांनी. पण सभेत म्हणताना हक्क सनातनच म्हणायचा.

इतिहासात मात्र शिरू नका. कॅलिफोर्नियात १९६७ साली ब्लॅक पँथर पक्षाची कृष्णवर्णीय मंडळी भरलेल्या बंदुका घेऊन विधिमंडळाच्या इमारतीत गेली. तेव्हा तसं करणं कायद्यात बसत होतं. काही आठवड्यांत ते बसेनासं झालं. भरलेली बंदूक उघड घेऊन रस्त्यावर फिरायला मनाई करणाऱ्या त्या कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नरांचं नाव रोनाल्ड रेगन. आणि त्याला पाठिंबा देणारी संघटना नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे आज बंदुकांच्या हक्कासाठी भांडणारी तीच एनआरए. सभेत कुणी हा विषय काढला तर राष्ट्रगीत सुरू करा.

या एनआरएशी तुमचं जमेल, कारण ती मार्क देते. दहावीला मुलाचे साडेत्र्याण्णव का आले म्हणून घरात दोन दिवस चूल न पेटवणारे आपण लोक. ही संघटना उमेदवारांना प्रश्नपत्रिका पाठवते आणि 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत श्रेणी लावते. मतदानाचा पूर्वेतिहास नसेल आणि नुसत्या उत्तरांवर पास झालात तर 'एक्यू'. उत्तरंच दिली नाहीत तर नावापुढे प्रश्नचिन्ह. मिनेसोटाचे टिम वॉल्झ ग्रामीण भागातून खासदार होते तेव्हा 'ए' मिळवत. गव्हर्नर व्हायला निघाले, शहरांची मतं लागणार होती, आणि 'एफ'वर आले. हेच प्रगतिपुस्तक मग ते अभिमानानं दाखवू लागले. व्हर्जिनियात तर कहरच. एनआरएचं मुख्यालय तिथलं. त्या अंगणात टेरी मॅकॉलिफ २०१३ साली 'एफ' घेऊन निवडून आले, आणि २०२१ साली ग्लेन यंगकिन यांनी पेपरच लिहिला नाही, तरी तेही निवडून आले. हे वाक्य मुलांना वाचू देऊ नका.

प्रचार रंगात आला असताना कुठल्यातरी शाळेत गोळीबार होईल. होईल का, असं विचारू नका. तारीख तेवढी आधी कळत नाही. टेक्ससमध्ये ती २४ मे २०२२ होती. उवाल्डे गावातल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा १८ वर्षांचा, रायफली वाढदिवसानंतर दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या. गव्हर्नर ग्रेग ॲबट त्या वर्षी पुन्हा उभे होते. आदल्याच वर्षी त्यांनी परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली होती. आणि २०१५ साली नव्या बंदुका विकत घेण्यात टेक्सस कॅलिफोर्नियाच्या मागे पडलं, याची आपल्याला लाज वाटते, असं जाहीर लिहिलं होतं. गोळीबारानंतर तीन दिवसांनी ह्यूस्टनला एनआरएचं अधिवेशन होतं आणि ॲबट त्यात वक्ते होते. गेले नाहीत, चित्रफीत पाठवली. हे वहीत उतरवून घ्या: देह उवाल्डेत, आवाज ह्यूस्टनमध्ये. (त्या अधिवेशनात ट्रम्प बोलणार होते, म्हणून त्या सभागृहात बंदूक न्यायला मनाई होती. चांगल्या माणसाच्या हाती बंदूक असली की सगळे सुरक्षित, असं सांगणाऱ्या चांगल्या माणसांनी खच्चून भरलेलं सभागृह, तरीही.)

त्यांच्याविरुद्ध बेटो ओरुर्क. हे गृहस्थ २०१९ साली, होय, तुमच्या एआर-१५ रायफली आम्ही काढून घेणार, असं टीव्हीवर बोलून बसले होते. उवाल्डेच्या दुसऱ्या दिवशी ते ॲबट यांच्या पत्रकार परिषदेत उभे राहून त्यांना जाब विचारू लागले, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आलं. नोव्हेंबरात अकराएक टक्क्यांनी हरले. उवाल्डे काउंटीतही ॲबटच पुढे होते.

इथे विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

शिकारीचा फोटो हवाच. तो काढताना काय काळजी घ्यायची, हे समजायला पुन्हा टेक्ससलाच जावं लागेल. १९९३ साली तिथल्या गव्हर्नर होत्या ॲन रिचर्ड्‌स. स्वतः बंदूक घेऊन होल्यांच्या शिकारीला जाणाऱ्या बाई. लपवलेलं पिस्तूल जवळ बाळगू द्यावं का, यावर जनमत घेण्याचं विधेयक समोर आलं, ते त्यांनी सही न करता परत पाठवलं. बंदूक होती, फोटो होते, पण पेन चुकलं. पुढच्या वर्षी त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज डब्ल्यू. बुश.

होल्यांच्या शिकारीचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो. बुश पत्रकारांचा ताफा घेऊन रानात गेले, नेम धरला, पक्षी पाडला. तो होला नव्हता. किलडिअर होता. म्हणजे आपल्या टिटवीच्या कुळातला, आणि मारायला कायद्यानं बंदी असलेला. १३० डॉलर दंड भरला, वर स्वतःच चेष्टा केली की बरं झालं, हरणांचा हंगाम नव्हता, नाहीतर गाय पडली असती. लोक हसले. नोव्हेंबरात बुश जिंकले आणि १९९५ साली पिस्तुलाच्या कायद्यावर सही करून मोकळे झाले. होला कोणता आणि टिटवी कोणती हे कळत नसलं तरी चालतं, कागद कोणता ते कळलं की झालं. आज २९ राज्यांत पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही, आणि ते झालंय बहुतेक ठिकाणी गव्हर्नरांच्या पेनानं.

तरी टिटवी ओळखायला शिकाच, पण मारायला नव्हे. किलडिअर उघड्या जमिनीवर अंडी घालतो. कोल्हा घरट्याच्या रोखानं यायला लागला, की हा पक्षी एक पंख मोडल्यासारखा फरपटत, केविलवाणा ओरडत भलत्याच दिशेला पळत सुटतो. कोल्हा मागे लागतो. पुरेसा लांब गेला, की पंख ठणठणीत. तुम्हीही आरशासमोर सराव करा. दवाखाने, विमा, शाळेचे पगार असलं काहीतरी विचारत एखादा पत्रकार जवळ आला, की एक खांदा पाडायचा, आवाज चिरका करायचा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत ओरडायचं, ''ते तुमच्या बंदुका न्यायला आलेत हो!''