सुभेदारसाहेबांना उत्तर: लाल वर्तुळ, चुकणारी गोळी आणि पुन्हा उठणारी माणसं

सुभेदारसाहेब, नमस्कार.

'ब्रदर्स इन आर्म्स: रोड टू हिल ३०' या दुसऱ्या महायुद्धावरच्या व्हिडिओ गेमविषयीच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. पायदळात उभी हयात घालवलेल्या माणसाने नातवाच्या शेजारी बसून आधी तो गेम दोन संध्याकाळ बघावा आणि मगच मत द्यावं, याचं मला फार मोल वाटलं. म्हणून उत्तर सविस्तर लिहितो आहे. ते लिहिण्याआधी गेम पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलो.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. पहिला, पन्नास पावलांवरच्या माणसाला या गेममधला सैनिक मारू शकत नाही आणि मी त्याला वास्तव म्हणतो. पण फौजेत शिकवतात 'एक गोली, एक दुश्मन'. दुसरा, शत्रूच्या डोक्यावर तरंगणारं लाल वर्तुळ ही शुद्ध थाप आहे, आणि मी त्याला 'प्रामाणिक' म्हटलं. तिसरा, या गेममध्ये प्रत्येक माणसाची किंमत कळते असं मी लिहिलं, पण तुमच्या नातवाचा मेलेला गडी पुढच्या प्रकरणात धडधाकट उभा होता. आणि चौथा, १९४४ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकन छत्रीधारी सैनिकांवर दोन हजार शब्द लिहिणाऱ्या मराठी माणसाला त्याच उन्हाळ्यात इटलीत लढणारी आपली पलटण आठवली नाही.

गोळीपासून सुरुवात करतो.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, उघड्यावर उभा असलेला माणूस त्या अंतरावर शिकलेल्या सैनिकाच्या रायफलीतून सुटणार नाही. गेममध्ये गॅरंड रायफलच्या नळीवरची माशी इतकी डोलते की नेम धरून झाडलेली गोळीही कुठल्या कुठे जाते. बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम केलंय, आणि गरजेपेक्षा जास्त केलंय, हेही मान्य. पण त्यांनी ते का केलं ते बघा. नेम पक्का लागत असता तर खेळणारा एका भिंतीमागे बसून एकेक हेल्मेट टिपत राहिला असता आणि बरोबरची माणसं नुसती बघत बसली असती. बहुतेक युद्धाच्या गेममध्ये हेच होतं. खेळणारा एकटा शंभर माणसं मारतो, सोबतचे फक्त ओरडायला असतात. इथे २००५ साली हा गेम बनवणाऱ्या गिअरबॉक्स कंपनीने खेळणाऱ्याच्या हातातलं हे हुकमी हत्यार काढून घेतलं. खेळणारा ज्याच्या रूपात लढतो तो सार्जंट बेकर एकट्याच्या बळावर एक मशीनगनही बंद करू शकत नाही. त्याला आपल्या दोन तुकड्या वापराव्याच लागतात. एक मारा करून शत्रूला जागीच खिळवणारी, दुसरी वळसा घालून बाजूने जाणारी.

आणि तुमच्याच प्रतिक्रियेत पुढे एक वाक्य आहे: 'एलएमजी ग्रुप डोकं वर काढू देत नाही, तेवढ्यात रायफल ग्रुप बाजूने चढतो, हे आम्ही रंगरूट असताना शिकलो.' साहेब, त्या एलएमजीच्या, म्हणजे हलक्या मशीनगनच्या, किती गोळ्या दुश्मनाला लागाव्यात अशी तुमची अपेक्षा असायची? ती गोळी दुश्मनाला बांधामागे दडपून ठेवण्यासाठीच असते. न लागलेल्या गोळीलाही काम असतं, ही गोष्ट मला वयाच्या विसाव्या वर्षी, मित्राच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर, पहिल्यांदा या गेमने सांगितली. तोवर मी खेळलेल्या प्रत्येक गेममध्ये चुकलेली गोळी म्हणजे वाया गेलेली गोळी होती.

आता वर्तुळ. यावर जरा थांबतो, कारण इथे आपलं खरं भांडण आहे.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: शत्रूच्या प्रत्येक गटावर एक लाल वर्तुळ दिसतं. त्याच्यावर मारा चालू ठेवला की ते हळूहळू करडं होत जातं. पूर्ण करडं झालं म्हणजे तो गट दबला, डोकं वर काढणार नाही, काढलं तरी गोळी भलतीकडे जाणार. मारा थांबला की लाल रंग पुन्हा भरू लागतो. तुम्ही लिहिलंत, 'रणांगणावर समोरच्याच्या मनातली भीती कुणी डोक्यावर टांगून ठेवत नाही.' ठेवत नाही. त्या वर्तुळाने दिलेली माहिती खोटी आहे, कारण ती खात्रीची आहे. 'प्रामाणिक' हा शब्द मी चुकीच्या जागी वापरला.

पण वर्तुळ पाहून जे शिकायला मिळतं, ते मला अजून खरंच वाटतं. परवाचाच प्रसंग सांगतो. नॉर्मंडीतलं एक शेत. तिथले बांध म्हणजे पुरुषभर उंचीचे मातीचे जुने वरंबे, त्यांवर झाडी इतकी दाट की पलीकडचं माणूस काय, गुरंही दिसू नयेत. समोर दगडी कुंपणाआड जर्मन मशीनगन. मी एक तुकडी भिंतीमागे लावली, मारा सुरू केला, वर्तुळ करडं झालं. दुसरी तुकडी घेऊन डावीकडून निघालो. वाट मला वाटली त्यापेक्षा लांब निघाली. मध्ये एक फाटक, पलीकडे उघडं रान. आम्ही रानाच्या मधोमध असताना मागच्या तुकडीचा मारा क्षणभर विरळ झाला, कुणीतरी बंदूक भरत असणार. वर्तुळाच्या कडेला लाल रंग चढताना मला दिसत होता आणि आडोसा अजून वीस पावलं पुढे होता. माझा एक गडी तिथेच पडला.

चूक नेमाची नव्हती, धाडसाचीही नव्हती. मागच्यांचा मारा जितका वेळ टिकेल त्यापेक्षा लांबची वाट मी निवडली होती. वळसा किती लांबचा घ्यायचा हे पुढच्या माणसाच्या पायांवर ठरत नाही, मागच्या माणसाच्या काडतुसांवर ठरतं. अमेरिकी सैन्यातले निवृत्त कर्नल जॉन अँटल या गेमचे लष्करी सल्लागार होते, आणि सगळा गेम त्यांच्या लष्करी शिकवणीतल्या चार पायऱ्यांवर उभा आहे: शत्रू शोधा, त्याला खिळवा, वळसा घाला, संपवा. दुसरी आणि तिसरी पायरी एकाच घड्याळाला बांधलेली आहे, आणि ते घड्याळ वर्तुळाच्या रूपात माझ्यासमोर होतं. तुमच्याकडे ते नव्हतं. तुम्ही ते कशावरून ओळखत होता, हे मला विचारायचंच आहे. त्याकडे शेवटी येतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण तुमच्या नजरेतून सुटली नसणार, म्हणून मीच सांगतो. अमेरिकी पायदळाचं स्क्वाड त्या काळी कागदावर १२ जणांचं होतं. गेममध्ये बेकरच्या हाताखाली एका वेळी जेमतेम तिघांच्या दोन तुकड्या येतात, कधी त्याहून कमी, कधी सोबत एक रणगाडा. विमानातून उड्या घेतल्या त्या रात्री सैनिक भलतीकडेच विखुरले होते, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत हाती लागतील तेवढ्यांना घेऊन लढावं लागलं, हे खरं. पण पुढच्या आठवड्याभराचं चित्रही तसंच ठेवलंय ते खेळणाऱ्याच्या सोयीसाठी.

तिसऱ्या आक्षेपापाशी मी हरलो.

'इथे प्रत्येक माणसाची किंमत कळते' हे वाक्य मी जुन्या आठवणीवर विसंबून लिहिलं. कथेत जे मरतात ते मरतातच, आणि ते मरण मनाला लागतं, कारण गेम मधल्या वेळात त्यांना बोलू देतो, भांडू देतो. पण माझ्या चुकीच्या हुकमामुळे रानात पडलेला तो गडी? पुढच्या प्रकरणात तो परत आला. त्याला काही झालंच नव्हतं. म्हणजे लेखकाने ठरवलेल्या मरणाला किंमत आहे, मी घडवलेल्या मरणाला नाही. आणि नेमकं उलट हवं होतं! तुकडीच्या नायकाला छळणारी गोष्ट त्याचा स्वतःचा हुकूम असते. शिवाय एकाच ठिकाणी वारंवार हरलात तर गेमच विचारतो की तुमच्या आणि तुमच्या माणसांच्या जखमा भरून देऊ का, आणि कारणही देतो: युद्ध न्यायी नसतं, पण व्हिडिओ गेम न्यायी असायला हवा. ते वाक्य मी कित्येकदा वाचलं होतं. त्याचा अर्थ तुमच्या प्रतिक्रियेनंतर लागला. वळशाच्या बाबतीत हा गेम खरं बोलतो, नुकसानीच्या बाबतीत नाही.

हे जमत नाही असंही नाही. या गेमच्या कितीतरी आधी, १९९८ च्या 'रेनबो सिक्स'मध्ये मोहिमेत मेलेला माणूस कायमचा गेलेला असायचा. २००१ च्या 'घोस्ट रिकन'मध्ये तर माणसं मोहिमेगणिक तयार होत जायची, नेमात, दमात, नेतृत्वात. असा पाच-सहा मोहिमा वाढवलेला गडी एका झुडपाजवळ पडला की त्याची जागा नवखा घ्यायचा, आणि यादीतलं ते नाव पुन्हा दिसायचं नाही. मी तेव्हा सगळी मोहीम पुन्हा खेळायचो, त्याला वाचवण्यासाठी.

तुमच्या नातवाला दाखवायचाच असेल तर २००४ चा 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' दाखवा. पँडेमिक स्टुडिओने तो बनवला, मूळ प्रकल्प अमेरिकी सैन्याच्या पैशातून, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका संस्थेबरोबर, पायदळाच्या प्रशिक्षणासाठी सुरू झालेला. त्यात खेळणाऱ्याच्या हातात बंदूकच नाही. चार-चार जणांच्या अल्फा आणि ब्राव्हो अशा दोन तुकड्या, आणि तुम्ही फक्त हुकूम देता: या कोपऱ्यावर थांबा, त्या खिडकीवर मारा ठेवा, आता पलीकडे जा. कुणी जखमी झाला तर साथीदाराने त्याला खांद्यावर घेऊन मदतीच्या ठिकाणापर्यंत न्यायचं. एकजण मेला की मोहीम तिथेच संपली. देश मात्र काल्पनिक, झेकिस्तान, आणि शत्रूला चेहरा असा नाहीच. त्या बाबतीत 'ब्रदर्स इन आर्म्स' कितीतरी वरचा. त्याच्या मागे नॉर्मंडीतल्या कारांतान गावाचं खरं शिवार आहे, १३ जून १९४४ ला तिथे अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजनने जर्मनांचा प्रतिहल्ला कसा झेलला याचा खरा इतिहास आहे.

आणि तारखेवरूनच तुमच्या चौथ्या मुद्द्याकडे येतो. त्या दिवसापासून महिन्याच्या आत, १० जुलै १९४४ ला, इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा एक सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, पुढे निघाला होता. कमांडर होते नाईक यशवंत घाडगे, वय २२, माणगाव तालुक्यातले. अगदी जवळून मशीनगनचा मारा आला आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला प्रत्येकजण ठार किंवा जखमी झाला. खिळवून ठेवायला मागे कुणी उरलं नव्हतं, वळसा घ्यायला सोबत कुणी नव्हतं. ते एकटे सरळ मोर्चावर धावले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला टॉमीगनने मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. देह सापडला नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

माझ्या लेखात हे यायला हवं होतं. मी मुंबई-गोवा रस्त्याने माणगाववरून अनेकदा गेलोय आणि लेख लिहिताना मला ते सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. पण तुमच्या एका वाक्याशी मी सहमत नाही: 'आपल्याकडच्या शूरांवर असा गेम निघायला हवा.' असा म्हणजे कसा? त्या शेवटच्या धावेचा गेम बनवला तर तो पुन्हा एकट्याने सगळ्यांना मारायचा गेम होईल. ती धाव कुणी ठरवलेली चाल नव्हती, सगळ्या चाली संपल्यावर उरलेली गोष्ट होती. मला त्याच्या आधीचा अर्धा तास हवा. सेक्शन अजून पुरा आहे, ब्रेनगन, म्हणजे सेक्शनची हलकी मशीनगन, कुणाच्या खांद्यावर आहे, कोण कुणाच्या गावचा आहे, चढ कुठल्या बाजूने घ्यायचा यावर नाईक विचार करतोय. ती माणसं आधी ओळखीची झाली पाहिजेत, आणि गेली की पुढच्या प्रकरणात परत येता कामा नयेत. असा गेम कुणी मराठीत केला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

मूळ लेखात आज दोन बदल केले आहेत. 'प्रामाणिक' हा शब्द काढला, आणि माणसाच्या किमतीबद्दलचं वाक्य खोडून त्याखाली तुमच्या आक्षेपाचा उल्लेख केला. नेमाबद्दलचा परिच्छेद ठेवला आहे, तो मला अजून पटतो.

आता माझा प्रश्न. तुमच्याकडे वर्तुळ नव्हतं. एलएमजी चालू आहे, समोरून येणारा मारा थांबलाय, आणि तुम्ही रायफल ग्रुप घेऊन आडोशाला पडून आहात. समोरचा दबलाय की नुसता वाट बघतोय, हे तुम्ही कशावरून ताडायचात? आवाजावरून, वेळ मोजून, की एलएमजीवरच्या माणसाकडे बघून? सरावातलं सांगितलंत तरी चालेल. जे सांगता येणार नाही ते विचारत नाही. नातू शेजारी असेल तर त्याच्याकडून टाइप करून घ्या, म्हणजे तोही ऐकेल.