मॉर्फिनची भीती घालणारा मेसेज पुढे पाठवू नका

'कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन देऊ देऊ नका. व्यसन लागतं, माणूस लवकर जातो, आणि पॅलिएटिव्हकडे पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.' नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा हा सारांश. मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं, तीव्र दुखण्यावरचं औषध; पॅलिएटिव्ह म्हणजे पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. विदर्भात खर्ऱ्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, तोंडाचे कॅन्सर भरपूर आहेत. हा मेसेज वाचून कुणाच्या तरी घरी गोळी कपाटातच राहील आणि माणूस रात्रभर कण्हत राहील, याची मला चीड येते.

आधी व्यसन. मॉर्फिन अचानक थांबवलं तर अंगाला त्रास होतो, म्हणून ते हळूहळू कमी करतात. ही शरीराला लागलेली सवय. देखरेखीखाली दुखण्यासाठी घेणाऱ्या कॅन्सर पेशंटमध्ये नशेची ओढ क्वचितच दिसते. डोस वाढवावा लागला, तर बहुतेकदा आजार वाढलेला असतो.

माणूस लवकर जातो? जास्त मॉर्फिनने श्वास मंदावतो, हे खरं. म्हणूनच लहान डोसने सुरुवात करतात, साधी गोळी दर चार तासांनी देतात आणि दुखणं बघून वाढवतात. गुंगी काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता राहते, त्यासाठी सोबत औषध द्यावंच लागतं.

हात टेकले? २०१० साली अमेरिकेत फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळालेले पेशंट साधारण ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९.

खरी अडचण मेसेजात नाहीच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागू लागले की अनेक हॉस्पिटलांनी तो नाद सोडला. २०१४च्या दुरुस्तीने हे सोपं केलं: राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. अफू शेजारच्या मध्य प्रदेशात परवान्याने पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे. पण गडचिरोली-गोंदियाहून नागपुरात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला आलेल्या माणसाने गोळ्या संपल्यावर पुन्हा तेवढा प्रवास कसा करायचा? ही मान्यता, शिकलेला डॉक्टर आणि गोळ्यांचा साठा प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात हवा. घरी जाऊन डोस बघणारी नर्स हवी. आमदारांकडे मागायचं ते हे.

आणि घरात पेशंट असेल, तर सुट्टी होतानाच डॉक्टरांना विचारा: गोळ्या किती दिवस पुरतील, संपल्यावर जवळ कुठे मिळतील, आणि दोन डोसांच्या मध्येच कळ आली तर किती द्यायची.