लॉकर फक्त खालच्यांनाच का?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं. आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीत ऑपरेटरने गेटवर मोबाईल लॉकरला टाकायचा आणि मगच आत यायचं. फ्लोअरवर मोबाईल नको हे बरोबरच आहे, मशीनचा चक, म्हणजे पार्ट पकडून ठेवणारा भाग, फिरत असताना नजर हलली की बोट गेलं, त्यावर वाद नाही. पण वर काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांना लॉकर नाही, कारण ते 'स्टाफ'!

तर सकाळी आमचे नाना, रिटायरमेंटला आलेला माणूस, मशीनवर नवीन जॉबचं, म्हणजे नव्या पार्टचं, सेटिंग करून पहिला नग, फर्स्ट पीस, घेऊन क्वालिटीच्या, म्हणजे तपासणीच्या, केबिनच्या दारात उभे. पीस पास झाल्याशिवाय मशीन चालवायची नाही हा नियम. आत क्वालिटीचे साहेब, वय पंचवीस, रील्स बघतायत. "ठेवा नाना, बघतो." नाना गेले, परत आले, परत गेले. चहाची वेळ झाली तरी पीस तिथेच, सीएनसी, म्हणजे नानांची कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, बंद उभी, आणि प्रॉडक्शन कमी का म्हणून ओरडा कोणाला? नानांना!

वर दुपारी मेल, ऑफिसच्या वायफायवर इन्स्टा-यूट्यूब ब्लॉक. वा! पाच मिनिटांत सगळे मोबाईल डेटावर.

लोक म्हणतात मनावर ताबा पाहिजे. अरे कसला ताबा, हे ॲप बनवलंयच असं की संपू नये. पूर्वी पान संपायचं, पुढचं बघायला क्लिक करावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या माणसाने ती कधीच न संपणारी स्क्रोल काढली आणि पुढे त्यालाच पस्तावा झाला, तसं जाहीर बोललाय तो. २०२० ला टिकटॉक गेलं तर महिन्याभरात आपल्याकडे इन्स्टावर रील्स हजर.

खरं सांगू, नंतर त्या पोरावरचा राग उतरला माझा. टेबलावर इन्स्पेक्शन रिपोर्टचा हा ढीग, एकटा पोरगा, दुसरी जागा भरलेलीच नाही. सुरुवात कुठून करू हेच कळेनासं झालं की हात आपोआप मोबाईलकडे जातो, तो सगळा आळस नसतो, धास्ती असते. त्याला म्हटलं, ढिगाकडे बघूच नको, नानांचा पीस उचल आणि मायक्रोमीटर लावून माप घे, बस. माझा चहा गार व्हायच्या आत पीस पास.

आता पोमोदोरोचं फॅड आहे, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, एका इटालियनने टोमॅटोच्या आकाराच्या किचन टायमरवरून काढलेली पद्धत. चांगलीये, पण ती शिकायलाच पोरं दोन तास व्हिडिओ बघतात! नानांना कोणी शिकवलं? मशीनची सायकल, म्हणजे एका पीसचं काम, संपली की मशीनचं दार उघडायचं, जॉब काढायचा, दुसरा लावायचा, तीस वर्षं हेच.

विरंगुळा लागतो, मान्य. कस्टमरची ड्रॉइंगं व्हॉट्सॲपवरच येतात, तेही मान्य. म्हणून नानांनी दारात ताटकळायचं? आणि रात्री अकराला ग्रुपवर 'अर्जंट' टाकणारेच सकाळी शिस्तीवर भाषण देणार!

सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. स्टाफलाही लॉकर, चहा-जेवणाच्या सुट्टीत घ्या मोबाईल, कस्टमरसाठी केबिनमध्ये कंपनीचा एक फोन ठेवा, क्वालिटीत दुसरा माणूस भरा, आणि लॉकरमध्ये पहिला मोबाईल प्लांट हेडचा. सातपूर-अंबडला कोणाकडे अशी पद्धत असेल तर खाली सांगा रे, नाहीतर मला एकट्यालाच वेड्यात काढतील.