‘मच्छीमारांचं मासिक’ मच्छीमारांनी काढलं नव्हतं

एक मजकूर गेल्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपमधून आला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या कोळ्यांनी १९०३ मध्ये पदरमोड करून ‘पॅसिफिक फिशरमन’ नावाचं मासिक काढलं. राजकारणापासून चार हात लांब राहून त्यांनी फक्त मासळीचं पाहिलं. त्या मासिकाने तिकडचा समुद्र वाचवला. पुढे इंटरनेट आलं आणि मासिक बुडालं. शेवटी नेहमीचा टोमणा: आपले कोळी मात्र अजून वाऱ्याकडे बघून होडी लोटतात! सोबत हातात भलामोठा मासा धरलेल्या दाढीवाल्याचा फोटो, खाली लिहिलंय ‘रावस’.

मासिकाचं नाव बरोबर आहे, सालही बरोबर आहे. बाकीचं एकेक करून बघू.

आधी ‘कोळ्यांनी काढलं’ हे. पॅसिफिक फिशरमन काढलं मिलर फ्रीमन या गृहस्थाने, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सिएटलमध्ये. हा माणूस जाळं ओढून मोठा झालेला नव्हता. तो छापखान्यात वाढला. त्याचा बाप लेघ फ्रीमन रेल्वेचे रूळ जसजसे पश्चिमेकडे सरकत तसतसा आपला छापखाना गाडीत घालून पुढे नेई आणि जाईल तिथून ‘फ्रंटियर इंडेक्स’ नावाचं वर्तमानपत्र काढी. १८६८ मध्ये वायोमिंगमधल्या एका रेल्वेवस्तीत जमावाने त्याचा छापखाना जाळून टाकला. असल्या घरातला मुलगा. मासेमारीच्या आधी त्याने शेतकऱ्यांसाठी नियतकालिक चालवलं होतं, नंतर मोटारबोटवाल्यांसाठी काढलं. त्याच्या नावाची कंपनी पुढे लगदा-कागदापासून गिटार वाजवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची मासिकं छापत होती. ज्या धंद्यात जाहिरातदार सापडेल त्या धंद्याचं मासिक, असा तो शुद्ध व्यवहार होता. यात काही पाप नाही, पण त्याला पदरमोड म्हणत नाहीत.

आणि त्या किनाऱ्यावर १९०३ मध्ये पैसा कोणाकडे होता? सामन मासा डबाबंद करणाऱ्या कारखानदारांकडे. जुने अंक चाळले की हे लगेच ध्यानात येतं. मासिकाचा वार्षिक अंक म्हणजे या धंद्याची चोपडी: कोणत्या कंपनीने, कोणत्या नदीवर, कोणत्या जातीच्या सामनच्या किती पेट्या भरल्या. पेटी म्हणजे एक पौंडाचे ४८ डबे. ज्याने मासा पकडला त्याला पेटीशी देणंघेणं नव्हतं, त्याला नगावर पैसे मिळत. पेट्यांचा हिशेब लागे मालकाला, दलालाला, बँकेला आणि टिनपत्रा विकणाऱ्याला.

त्याच काळात माशाचं डोकं, शेपटी, पर छाटून पोट साफ करणारं एक यंत्र सिएटलच्या एडमंड स्मिथने बाजारात आणलं. तोवर हे काम सुऱ्या घेऊन चिनी कामगार करत. यंत्राचं नाव ठेवलं ‘आयर्न चिंक’. दुसरा शब्द चिनी माणसाला दिलेली शिवी आहे. म्हणजे ज्याची भाकरी काढून घेतली त्यालाच शिवी, आणि तीही यंत्रावर ओतीव अक्षरांत. हे नाव धंद्याच्या छापील मजकुरात कित्येक वर्षं बिनदिक्कत वापरलं गेलं. मासिक कोणाच्या खुर्चीतून लिहिलं जात होतं, हे कळायला मला एवढं पुरे वाटतं.

आपल्याकडेही ‘मच्छीमार’ हा शब्द असाच फसवा आहे. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून धरणारं मोठं जाळं) नौकेचा मालक मच्छीमार, नौका चालवणारा तांडेल मच्छीमार, हिश्श्यावर राबणारा खलाशी मच्छीमार आणि वल्ह्याची होडी घेऊन खाडीत जाणाराही मच्छीमार. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले तेव्हा ‘मच्छीमारांनी स्वागत केलं’ आणि ‘मच्छीमारांनी विरोध केला’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होती. तेव्हा मासिकाच्या नावात ‘फिशरमन’ आहे एवढ्यावरून काही ठरत नाही.

तिकडच्या मच्छीमारांना स्वतःचा आवाज नव्हता असंही नाही. कोलंबिया नदीच्या मुखाशी ॲस्टोरिया नावाचं गाव आहे. तिथे १८८६ पासून जाळेकऱ्यांची संघटना होती. १८९६ मध्ये दरावरून मोठा संप झाला आणि त्या झगड्यातून मच्छीमारांनी स्वतःचा सहकारी डबा-कारखाना उभा केला. त्यातले बरेचजण फिनलंडहून आलेले. त्याच गावातून १९०७ पासून ‘तोवेरी’ नावाचं समाजवादी वर्तमानपत्र फिनिश भाषेत निघत होतं. तोवेरी म्हणजे कॉम्रेड. सिएटलला खोल समुद्रातला हॅलिबट मासा पकडणाऱ्यांची युनियन १९१२ मध्ये झाली. ज्याला कोळ्यांनी उभ्या केलेल्या गोष्टीचं कौतुक सांगायचं आहे, त्याने ॲस्टोरियाची गोष्ट फिरवावी. खरी आहे आणि जास्त चांगली आहे.

आता ‘राजकारणापासून चार हात लांब’. हे वाक्य वाचून मला हसावं की रडावं कळेना.

मिलर फ्रीमन हा वॉशिंग्टन राज्यातल्या (सिएटल याच राज्यात) जपानीविरोधी चळवळीचा म्होरक्या होता. अँटी-जॅपनीज लीग नावाची संघटना त्याने चालवली. १९२० मध्ये अमेरिकन संसदेची समिती सिएटलला आली तेव्हा तिच्यासमोर त्याने जपान्यांविरुद्ध साक्ष दिली. पुढच्याच वर्षी त्या राज्यात जपानी स्थलांतरितांना जमीन घेण्यापासून, अगदी खंडाने कसण्यापासूनही रोखणारा कायदा झाला. समुद्रावरचं त्याचं राजकारणही याच धाग्याचं. १९३०च्या दशकात अलास्काच्या ब्रिस्टल बे भागात जपानी जहाजं सामनच्या मागावर दिसू लागली. ‘आमच्या नद्यांत जन्मलेला मासा आमचा’ या मुद्द्यावर किनाऱ्यावर रान पेटलं आणि त्यात फ्रीमन आणि त्याचं मासिक पुढे होतं. १९३८ मध्ये जपानने माघार घेतली. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्यालगतच्या मासेमारीवर अमेरिकेचा हक्क सांगणारी घोषणा केली. १९५२ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपान यांचा करार झाला आणि १७५ अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला जपान्यांनी सामन धरायचा नाही असं ठरलं. समुद्रावर रेघ ओढण्याच्या या सगळ्या खटपटीत एका धंदेवाईक मासिकाचा मालक वावरत होता. याला राजकारण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

ब्रिस्टल बेच्या मुद्द्यात तथ्य होतं हे मी मान्य करतो. सामन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला त्याच नदीत परततो. वाटेतच त्याला उचललं तर नदी सांभाळणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. पण तथ्य आणि द्वेष एकाच पानावर छापले की वाचणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत.

आणि ज्यांचा द्वेष केला तेही मच्छीमारच होते. लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवर जपानी वंशाच्या कोळ्यांची भरलेली वस्ती होती. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, त्यांना घरं सोडायला ४८ तास दिले गेले. भांडीकुंडी, जाळी मिळेल त्या भावात विकून माणसं बाहेर पडली. युद्धानंतर परत आलेल्या तोराओ ताकाहाशीला कॅलिफोर्नियाने मासेमारीचा परवाना नाकारला, कारण नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसाला परवाना द्यायचा नाही असा कायदाच केला होता. तो १९१५ पासून परवाना घेऊन मासेमारी करत होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हा कायदा कॅलिफोर्नियाचा, त्याचं खापर सिएटलच्या मासिकावर फोडता येणार नाही. पण ‘आमचा किनारा, आमचा मासा’ या भाषेत ‘आमचा’ कोण, हे ताकाहाशीला विचारायला हवं होतं.

‘समुद्र वाचवला’ या दाव्यात मात्र थोडा दम आहे, म्हणून तो नीट सांगतो. हॅलिबट हा आपल्या लेप्यासारखा चपटा, पण माणसाएवढा वाढणारा मासा. बर्फात घालून रेल्वेने पूर्वेकडे पाठवायची सोय झाली आणि तो बेसुमार पकडला जाऊ लागला. १९२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी त्यासाठी करार केला. हिवाळ्यात तीन महिने बंदी आणि अभ्यासासाठी चार जणांचा आयोग. अमेरिकेच्या दोन सदस्यांपैकी एक मिलर फ्रीमन. कॅनडाने ब्रिटनची सही न घेता स्वतः केलेला हा पहिलाच करार, हेही जाता जाता. सिएटलच्या विद्यापीठात १९१९ मध्ये देशातलं पहिलं मत्स्य महाविद्यालय निघालं, त्यामागेही फ्रीमनची धडपड होती आणि तिथला पहिला प्रमुख जॉन कॉब हा याच मासिकाचा माजी संपादक. गंमत म्हणजे कॉब स्वतः कॉलेजात शिकलेला नव्हता.

पण नुसत्या बंदीने हॅलिबट सावरला नाही. उरलेल्या नऊ महिन्यांत बोटींनी कसर भरून काढली. १९३०च्या नव्या कराराने आयोगाला जास्त अधिकार दिले आणि १९३२ पासून किती पकडायचं याची मर्यादा आली, तेव्हा कुठे साठा वर येऊ लागला. त्या मर्यादेला आधार होता विल्यम थॉम्पसन या शास्त्रज्ञाच्या हिशेबाचा. त्याने बोटींच्या कप्तानांच्या जुन्या नोंदवह्या गोळा केल्या. कुठल्या दिवशी, कुठल्या ठिकाणी, गळाच्या दोरीच्या किती गुंडाळ्या सोडल्या आणि किती मासळी आली, एवढंच त्यात होतं. तेवढ्याच दोरीला दरवर्षी कमी मासा लागतोय हे त्या वह्यांनी दाखवलं. मला विचाराल तर त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी लिहिलेलं सगळ्यात मोलाचं वाङ्मय त्या वह्यांत आहे.

इंटरनेटचा मुद्दा दोन ओळींत संपतो. पॅसिफिक फिशरमन १९६०च्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या ‘नॅशनल फिशरमन’मध्ये विलीन झालं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. नॅशनल फिशरमन अजून निघतं.

राहिला वाऱ्याकडे बघणारा आपला कोळी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि हिरवेपणा मोजून मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते कळवते, मराठीतही. त्यात बंदराचं नाव, दिशा, कोन, किती किलोमीटर आत जायचं, तिथे पाणी किती मीटर खोल आणि तिथले अक्षांश-रेखांश, एवढंच असतं. बंदरात तो तक्ता तांडेलाच्या मोबाईलवर असतो आणि त्यावर तिथल्या तिथे वादही चालू असतो. वाऱ्याकडे तो बघतोच, आणि हॅलिबटवाले कप्तानही बघत असणार.

आणि तो फोटो. दाढीवाल्याच्या हातातला मासा सामन आहे, रावस नव्हे. रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, त्यावरून हा घोटाळा. दोघांचं नातं काही नाही. रावसाच्या गळ्याखाली बारीक दोऱ्यांसारखे सुटे तंतू लोंबतात, प्रत्येक बाजूला चार. पुढच्या वेळी बाजारात कोळणीला दाखवायला सांगा.