लेकरू पासवर्ड विचारत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा आला. 'घरात रांगतं-चालतं लेकरू आहे? कॉम्प्युटरची काळजी सोडा' अशी सुरुवात आणि खाली चार सल्ले. स्क्रीन लॉक करून ठेवा, लेकरू काहीच बिघडवू शकत नाही. चुकून काही पुसलं गेलंच तर रिसायकल बिनमध्ये सापडतं. भिंतीवरचं बटण बंद केलं की करंटची भीती नाही. आणि लेकराला खुशाल बटणं दाबू द्या, लवकर हुशार होतं. खाली बारा अंगठे. मी लातुरात घरी बसून दोन आडतींचा हिशेब टॅलीवर लिहिते आणि आमचं पोरगं दीड वर्षाचं आहे. त्यामुळं तेरावा अंगठा काही माझ्याच्यानं देववला नाही.

पहिला सल्ला लॉकचा. विंडोजचं बटण धरून एल दाबला की स्क्रीन लॉक होते, आणि उठताना ते करावंच. पण लॉक अडवतो तो स्क्रीनवरून आत शिरणाऱ्याला. दीड वर्षाचं लेकरू स्क्रीनवरून येतच नाही, ते टेबलाखालून येतं. तिथं निळा दिवा लुकलुकणारं बटण बरोबर त्याच्या नाकासमोर असतं, आणि ते बटण पासवर्ड विचारत नाही.

दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक जोरात होती. पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदांचा, ढीग पडलेला. दूध उतू जाईल म्हणून मी स्क्रीन लॉक करून आत गेले, परत येते तर मॉनिटर काळा आणि साहेब टेबलाखाली टाळ्या वाजवतायत. त्यानं रीसेट, म्हणजे मशीन तडकाफडकी पुन्हा सुरू करणारं बटण, दाबलं होतं. हातातली पट्टी गेली ती गेलीच, वर टॅली डेटा उघडेना. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी अर्धा दिवस त्यातच गेला.

पॉवर बटणाचं थोडं तरी करता येतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन 'बटण दाबल्यावर काहीच करू नको' असं ठरवता येतं. पण तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं की मशीन थेट बंद पडतं, तिथं विंडोजचं काही चालत नाही. रीसेटला तर सेटिंगच नसतं. त्यावर उपाय एकच: मशीन बंद करायचं, सगळ्या वायरी काढायच्या, सीपीयूचं बाजूचं झाकण उघडायचं आणि मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मोठ्या पाटीच्या, कोपऱ्यातली रीसेट लिहिलेली दोन तारांची छोटी पिन उपसून ठेवायची. बाकी काही फरक पडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, जमत नसेल तर दुकानवाल्याकडून करून घ्या. पॉवर बटणावर मी साबणाच्या डबीचं झाकण टेपनं चिकटवलंय. दिसायला ओंगळ आहे, पण टिकलंय.

लॉक करायचं विसरलं तर काय होतं तेही सांगते. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज विचारतं. ते चालू झालं की कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. कंट्रोल, अल्ट आणि बाण एकदम दाबले की जुन्या मशीनवर स्क्रीन उलटी होते. आमच्या मामंजींनी तेव्हा मॉनिटरच उलटा करायला घेतला होता. वरचा बाण त्याच दोन बटणांसोबत दाबला की सरळ होतं.

रिसायकल बिनचं अर्धं खरं आहे. साधं डिलीट केलेलं तिथं सापडतं. शिफ्ट धरून डिलीट केलेलं तिथं जात नाही, आणि पेनड्राईव्हवरचं पुसलेलंही सहसा जात नाही. उघड्या फाईलमध्ये लेकरानं सगळं सिलेक्ट करून एक बटण दाबलं तर पानभर मजकुराच्या जागी एक अक्षर उरतं. ते पुसणं नव्हेच, मग बिनमध्ये येणार कुठून? लगेच ध्यानात आलं तर कंट्रोल झेड. नाहीतर बॅकअप, आणि तो पेनड्राईव्ह कपाटाच्या वरच्या फळीवर.

आता भिंतीवरचं बटण. या सल्ल्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. आपल्याकडं लाईटचा भरवसा नाही, म्हणून ज्याच्या घरी कॉम्प्युटर त्याच्या घरी यूपीएस, आणि तो ठेवलेला जमिनीवर. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलं की यूपीएसला वाटतं लाईट गेली. तो टूं-टूं करत बॅटरीवर सुरू होतो आणि त्याच्या मागच्या सॉकेटांत 230 व्होल्ट तसेच राहतात. वर त्या टूं-टूंनी लेकरू आणखी तिकडंच ओढलं जातं.

सीपीयूच्या मागं लागणारी जाड काळी वायर पाहा. तिच्या टोकाला तीन भोकं असतात. लेकरानं ती ओढून काढली तर पुढची जागा कुठली? तोंड. ओल्या लाळेतून करंट गेला की ओठ, जीभ भाजतात. आमच्या पोरानं टोक ओठापर्यंत नेलं होतं, आत्याबाईंनी झडप घालून हिसकावलं. लॅपटॉपवाल्यांनी हसू नये. तुमची बारीक पिन 19-20 व्होल्टची असते, पण चार्जरच्या ठोकळ्यात घुसणारी वायर भिंतीच्याच करंटची आहे.

म्हणून क्रम असा: आधी शटडाऊन, मग यूपीएसचं स्वतःचं बटण दाबून तो गप्प करायचा आणि शेवटी भिंतीवरचं. यूपीएस उचलून टेबलावर, सॉकेटांची बाजू भिंतीकडं, वायरी टेबलाच्या पायाला मागून बांधलेल्या.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का तेही बघा. येत असतील तर अर्थिंग नीट नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर होतं. आमच्याकडं मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी जातं. तरी झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवा. पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहणारं घरात कोण असतं, ते सांगायला नको.

एका गोष्टीचा तर मेसेजमध्ये शब्दही नाही. मदरबोर्डवर एक चपटा सेल असतो, सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. रुपयाच्या नाण्याएवढा. कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडायला लागलं की दुकानवाला नवा घालतो आणि जुना टेबलावर ठेवून जातो. आमच्याकडं हेच झालं होतं. संपलेला म्हणून तो निरुपद्रवी नसतो. कॉम्प्युटरला पुरला नाही तरी लेकराच्या अन्ननलिकेत अडकला तर तिथल्या ओलाव्यातून करंट वाहतो, कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा पदार्थ तयार होतो आणि दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, 'शीतून पडेल' म्हणत थांबायचं नाही. एक्स-रे असलेल्या दवाखान्यात तडक जायचं.

हुशारीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या लेकराला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. बटणं दाबायची हौस मात्र खरी असते. त्यासाठी मी जुना कीबोर्ड वायर कापून दिला. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी त्यानं माझ्या कीबोर्डची वायर हातात घेतली, ती कुठं जाते ते टेबलाखाली जाऊन पाहून आला, आणि स्वतःचा कीबोर्ड माझ्या मांडीवर आणून आपटला.