ब्लॅकची सक्ती, गिटची हिस्टरी आणि तुमचा टेबल: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा निवांत बसून लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लायब्ररीवर (मराठीत आकडे अक्षरी लिहून देणारी, पायथनमधली) सरसकट ब्लॅक (पायथन कोडची मांडणी आपोआप एका ठराविक पद्धतीने करणारं टूल) चालवून मी हुकूमशाही केली, लोक नोकरी सांभाळून फुकट वेळ देतात त्यांना सिंगल कोट की डबल यावरून अडवणं बरं नाही, गिटची (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलची) हिस्टरी खराब झाली, आणि तुम्ही हाताने लावलेला १ ते १०० चा टेबल पार विस्कटला.

टेबलचं आधी, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. एका ओळीत दहा शब्द अशी मांडणी होती, ब्लॅकला यादी एका ओळीत बसली नाही की तो प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकतो, मग शंभर ओळींचा लांबलचक जिना झाला. तुमच्या मांडणीत नववा कॉलम बघितला की नऊ आणि नव्व्याण्णव सोडून सगळे एकोण-वाले, एखादा चुकला तर लगेच डोळ्यात भरायचा. ती मांडणी म्हणजे नुसती हौस नव्हती, टेबल तपासायची सोय होती. आता ब्लॅकला ‘इथे हात लावू नकोस’ सांगणारी ऑफ-ऑनची कमेंट असते ती टेबलच्या वर-खाली टाकून जुनी मांडणी परत आणतोय. ओळीची लांबी तपासणाऱ्या टूललाही तिथे सूट देऊ, कारण ‘त्र्याण्णव’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात पण पायथनच्या मोजणीत ते १० भरतात.

हिस्टरीचं अर्धं बरोबर. ब्लेम (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी गिटची सोय) उघडलं की सगळीकडे माझंच नाव, आणि ज्यांनी दीड-अडीचचं किचकट लॉजिक लिहिलं त्यांचं नाव मागे पडलं, हे मलाही लागलं. पण गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला अमुक कमिट (म्हणजे बदलाची एक नोंद) सोडून दे असं सांगता येतं, त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलमध्ये ठेवायचा आणि कॉन्फिगमध्ये ती फाइल दाखवायची. ती फाइल मी टाकलीय. आमच्या फॉर्मॅटिंगच्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल नाही, म्हणूनच ते बिनधास्त वगळता येतं. माझी चूक वेगळीच आहे, तुमचा पीआर (बदल घ्या म्हणून पाठवलेली विनंती) उघडा असताना न विचारता मी ते मर्ज केलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलं. त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण हुकूमशाही हा शब्द मला अजिबात मान्य नाही. आधी काय चालायचं आठवा ना, आपण चौघं रिव्ह्यू करणारे आणि चौघांच्या चार आवडी. अंबरनाथच्या एका विद्यार्थिनीने पहिला पीआर पाठवला, लाख-कोटीमधला खरा बग शोधून, आणि तिला मिळालेल्या बहुतेक कमेंट स्पेस आणि स्वल्पविरामावर होत्या, त्यातल्या काही माझ्या. ती पुन्हा आली नाही. लोकांना अडवत होतो ते तेव्हा, आणि ते माणसं करत होती. आता सेव्ह केलं की मशीन कोड नीट लावतं, कोणाला कोणाचं ऐकून घ्यावं लागत नाही. मला स्वतःला सिंगल कोट आवडतात, ब्लॅक डबल करतो, सोडून दिलं मी. गो भाषेने हे सुरुवातीपासूनच केलंय, त्यांच्या गोफम्ट या फॉर्मॅटरमध्ये स्टाइलची सेटिंगच नाही, आणि गोच्या जनकांपैकी एक रॉब पाइक उघड सांगतात की त्याची स्टाइल कोणाचीच लाडकी नाही पण गोफम्ट सगळ्यांचं लाडकं आहे.

शिवाय हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही हो. २०१४ साली उघडकीस आलं की ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट शेवटाकडे उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती, दुसरी ओळ इफच्या, म्हणजे अटीच्या, आत असल्यासारखी आत सरकवलेली पण खरं तर बाहेर, त्यामुळे सही तपासायचा भागच वगळला जायचा. फॉर्मॅटर चालला असता तर ती ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती. मी अर्धे रिव्ह्यू विरार लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर करतो, डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकाच्या यादीत) नुसत्या स्पेसचे बदल भरलेले असले तर असली ओळ माझ्या नजरेतून नक्की सुटेल.

तुमची ब्रँच (तुमच्या बदलांची वेगळी शाखा) वाया जाणार नाही. फॉर्मॅटिंगच्या आधीच्या कमिटपर्यंत मेन, म्हणजे मुख्य शाखा, तुमच्यात मर्ज करा, मग तुमच्या ब्रँचवर ब्लॅक चालवून कमिट करा, मग फॉर्मॅटिंगचं ते एकच कमिट ‘अवर्स’ स्ट्रॅटेजीने मर्ज करा म्हणजे तुमचाच कोड राहील, आणि शेवटी उरलेलं मेन नेहमीसारखं. टेबल परत आणायचा पीआर तुमच्याच नावाने यावा असं मला वाटतं, मी थांबतो. अडलं तर रविवारी सकाळी मी दादरला असतो, लॅपटॉप घेऊन या, बसून करून टाकू.